साकीला विचारतो कोण?

इ.स.पू. १०४ सालची गोष्ट. उत्तरेकडच्या सिंब्री टोळ्या आज ना उद्या इटलीवर उतरणार, या धास्तीने रोमची झोप उडाली होती. आदल्याच वर्षी अरौसियोच्या रणात या टोळ्यांनी रोमच्या दोन फौजा कापून काढल्या होत्या. आता सगळी मदार होती सेनापती गायस मारियसवर. त्याने दक्षिण गॉलमध्ये तळ दिला आणि नव्या भरतीची पोरं कवायतीला जुंपली. त्या तळावर त्याचा सख्खा भाचा गायस लुसियस अधिकारी म्हणून होता. प्लुटार्क लिहितो की माणूस एरवी भला होता, पण देखण्या तरुणांपुढे त्याचा तोल जायचा.

लुसियसच्या हाताखाली ट्रेबोनियस नावाचा तरुण शिपाई होता. लुसियसने त्याला गाठायचे बरेच प्रयत्न केले, भारी भेटीही पाठवल्या. ट्रेबोनियस बधला नाही. मग एका रात्री लुसियसने नोकर पाठवून त्याला राहुटीत बोलावून घेतलं. वरिष्ठाचं बोलावणं शिपायाला टाळता येत नाही, म्हणून ट्रेबोनियस गेला. आत गेल्यावर लुसियसने जबरदस्ती सुरू केली तेव्हा त्याने तलवार उपसली आणि अधिकाऱ्याला तिथेच ठार केलं.

मारियस त्या वेळी तळावर नव्हता. परत आल्यावर तो चौकशीला बसला. मेलेला त्याच्या बहिणीचा मुलगा, मारणारा साधा शिपाई. आरोप करायला पुष्कळजण पुढे झाले, बाजू घ्यायला एकही नाही. शेवटी ट्रेबोनियस स्वतःच उभा राहिला. घडलं ते त्याने न कचरता सांगितलं आणि आपण लुसियसला वारंवार नकार दिला होता, मोठ्या भेटींनाही भुललो नव्हतो, याचे साक्षीदार हजर केले. सगळं ऐकून घेतल्यावर मारियसने शौर्याबद्दल देतात तो मुकुट मागवला आणि आपल्या हाताने त्या शिपायाच्या डोक्यावर ठेवला. ही हकिगत रोममध्ये पोचली आणि मारियसला तिसऱ्यांदा कॉन्सल होताना तिचा उपयोगच झाला, असंही प्लुटार्क नोंदवतो.

भाच्याचा खून करणाऱ्याला मुकुट देणारा सेनापती आजही आपल्या मनाचा ठाव घेतो. पण मारियसने नेमकं काय पाहून न्याय केला? पुरुषाने पुरुषाची इच्छा धरली, हा लुसियसचा अपराध नव्हता. त्यासाठी फौजेत कोणी त्याला बोल लावल्याचं दिसत नाही. त्याने एका रोमन नागरिकाच्या, तेही तलवार बांधलेल्या नागरिकाच्या देहावर हात टाकला, हा अपराध होता. त्या रात्री राहुटीत ट्रेबोनियसच्या जागी लुसियसचा स्वतःचा गुलाम असता, तर खटला उभा राहिलाच नसता. कोणी एक ओळही लिहून ठेवली नसती.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ व्या कलमातून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध वगळले. त्याच्या आगेमागे आपल्याकडे या विषयावर बरंच बोललं-लिहिलं गेलं, आणि त्यात रोमचा दाखला दोन्ही अंगांनी दिलेला माझ्या कानावर आला आहे. कोणी म्हणतं, बघा, किती मोकळा समाज होता. कोणी म्हणतं, बघा, याच पायी साम्राज्य बुडालं. दोन्ही बाजूंना रोम हवं आहे ते आपलं म्हणणं सिद्ध करण्यापुरतं. मला त्या मोकळेपणाचा हिशेब पाहावासा वाटतो: तो कोणासाठी होता आणि त्याची किंमत कोणी मोजली.

रोमन माणूस स्वतःची ओळख ‘मला पुरुष आवडतात’ किंवा ‘मला स्त्रिया आवडतात’ अशी करून देत नसे. कोणी एकीकडे झुकलेला असतो, कोणी दुसरीकडे, हे त्याला ठाऊक होतं, आणि कवी त्यावर मजेत लिहीतही. कॅटुलसने लेस्बियावर कविता केल्या तशा युवेंशियस नावाच्या तरुणावरही केल्या. समाजाचा प्रश्न वेगळा होता. देह कोणाचा आहे? नागरिकाचा की गुलामाचा? आणि त्या जवळिकीत वरचढ कोण, शरण जाणारा कोण? नागरिक पुरुषाने वरचढ राहायचं आणि दुसऱ्या नागरिकाच्या बायको-मुलांना, मुलगा असो की मुलगी, हात लावायचा नाही. एवढं पाळलं की बाकीचं त्याच्या मर्जीवर. घरातले गुलाम, वेश्यावस्तीतली बाई किंवा मुलगा, जिंकून आणलेले कैदी, यांच्याबाबत कायदा तोंड उघडत नव्हता.

स्वतंत्र घरातला मुलगा रस्त्याने चालताना ओळखू यायचा. जांभळ्या काठाचा टोगा आणि गळ्यात बुल्ला, म्हणजे ताईत ठेवलेली गोल डबी. श्रीमंताघरची सोन्याची, गरिबाची चामड्याची. ही डबी का घालत, याची जी कारणं प्लुटार्क देतो त्यांत एक असं आहे की मुलगा उघडा असला तरी तो स्वतंत्र घरातला आहे हे पाहणाऱ्याला कळावं, म्हणजे कोणी चुकूनही त्याच्या वाटेला जाऊ नये. दृष्ट लागू नये म्हणून आपण मुलाच्या गळ्यात काहीतरी बांधतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथली वाईट नजर अगदी माणसांची होती. ज्या मुलाच्या गळ्यात डबी नाही, त्याच्याकडे पाहायला मोकळीक होती, असा याचा दुसरा अर्थ होतो.

नागरिकाच्या देहाची ही राखण रोमने एका मोठ्या प्रसंगातून शिकली, असं लिव्ही सांगतो. इ.स.पू. ३२६. त्या काळी कर्ज फिटलं नाही तर माणूस स्वतःला सावकाराकडे बांधून देत असे. गायस पब्लिलियस नावाच्या तरुणाने बापाच्या कर्जापायी स्वतःला लुसियस पपिरियस या सावकाराकडे असंच गहाण टाकलं होतं. सावकाराची नजर पोराच्या रूपावर गेली. आधी गोड बोलून पाहिलं, मग धमक्या दिल्या. पोरगा ऐकेना तेव्हा त्याने त्याचे कपडे उतरवून चाबकाने फोडून काढलं. पब्लिलियस तशाच रक्ताळलेल्या पाठीने रस्त्यावर धावत आला आणि सावकाराने काय मागितलं, काय केलं, हे ओरडून सांगू लागला. लोक जमले, फोरमवर लोटले, तिथून सिनेटच्या दारात गेले, आणि आत जाणाऱ्या एकेका सभासदाच्या पाया पडून त्या मुलाची पाठ दाखवू लागले. त्याच गदारोळात कायदा झाला: यापुढे कर्जासाठी माल जप्त होईल, माणसाचा देह नाही. गरीब नागरिकांच्या स्वातंत्र्याची ही जणू नवी सुरुवात, असं लिव्हीला वाटतं. आणि ती होतीही. एका मुलाच्या ‘नाही’मुळे हजारो कर्जदारांच्या बेड्या निघाल्या.

इथेच मला थांबावंसं वाटतं, कारण पुढचा इतिहास या विजयाच्या सावलीत घडला आहे. नागरिकाचा देह मोकळा झाला, पण वाढत्या साम्राज्याची हाव कमी झाली नाही. ती हाव भागवायला पुढची दोन-तीनशे वर्षं युद्धातून माणसं येत राहिली. ग्रीस, आशिया मायनर, सीरिया, गॉल. एकेका मोहिमेनंतर गुलामांचे तांडेच्या तांडे बाजारात उतरत. ज्या शहराने पब्लिलियसची पाठ पाहून कायदा बदलला, त्याच शहरात घरोघरी तितकीच कोवळी पोरं उभी होती आणि त्यांच्यासाठी कोणी सिनेटच्या दारात गेलं नाही. ऑगस्टसच्या काळातला वक्ता हॅटेरियस एका मुक्त केलेल्या गुलामाची बाजू मांडत होता. या माणसाचे जुन्या धन्याशी शरीरसंबंध होते, असा त्याच्यावर ठपका होता. हॅटेरियसने बचाव असा केला की असं वागणं स्वतंत्र माणसाने केलं तर दोष, गुलामाला ते चुकत नाही, आणि मुक्त झालेल्याने ते कर्तव्य म्हणून करायचं. रोममध्ये या वाक्याचं हसू झालं, टवाळखोरांनी त्यावर कोट्या केल्या. पण तो खोटं काही बोलला नव्हता. सगळ्यांना माहीत असलेला व्यवहार त्याने चव्हाट्यावर मांडला, इतकंच.

या व्यवहाराचा चेहरा पाहायचा तर मेजवानीच्या दालनात जावं लागतं. श्रीमंताघरी पाहुणे कोचावर लवंडून जेवत आणि त्यांचे चषक भरायला देखणी पोरं ठेवलेली असत. हा साकी म्हणजे घराची शान. त्याची किंमत मोठी, केस लांब, हात मऊ. ग्रीक पुराणात देवराज झ्यूसने गॅनिमीड नावाच्या राजपुत्राला पळवून नेऊन आपला साकी केलं होतं, तेव्हा साकी म्हटलं की पाहुण्यांच्या मनात काय येई हे सांगायला नको. तत्त्वज्ञ सेनेका याने गुलामांशी माणुसकीने वागावं, असं सांगणारं एक पत्र लिहिलं आहे. त्यात असा एक साकी येतो. त्याला बायकी कपडे घातले आहेत. त्याचं वय वाढतं आहे, अंग शिपाईगड्यासारखं भरलं आहे, पण त्याला मोठं होऊ देत नाहीत. अंगावरचा केस न् केस उपटून त्याला पोरगाच ठेवतात. रात्रभर तो जागा. मालकाची दारू आणि मालकाची वासना, यांत त्याची रात्र वाटली गेलेली. दालनात चाकर, शयनघरात वेगळंच काही. सेनेकाला त्याचं नाव माहीत असणार, पण त्याने ते दिलेलं नाही.

ब्रिटिश म्युझियमने १९९९ साली १८ लाख पौंड मोजून चांदीचा एक चषक विकत घेतला. ‘वॉरन कप’ म्हणून तो ओळखला जातो. काही अभ्यासकांनी त्याच्या प्राचीनतेवर शंका घेतली आहे, पण बहुतेकजण तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला मानतात. त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, आणि काम विलक्षण नाजूक आहे: उशा, वस्त्रांच्या चुण्या, भिंतीशी ठेवलेलं वाद्य. पाहणाऱ्याचं लक्ष साहजिकच त्या जोड्यांकडे जातं. एका बाजूला मात्र दार किलकिलं आहे आणि त्या फटीतून एक लहान गुलाम मुलगा आत डोकावतो आहे. कारागिराने त्याला कशासाठी कोरलं असेल? गंमत म्हणून, की अशा घरात दाराशी कोणीतरी मुलगा उभा असायचाच म्हणून? मला तरी त्या चषकावर सगळ्यात खरा तोच वाटतो.

साकीची जागा इतकी खालची होती की नागरिकाला तिथे उभं केल्याचा नुसता आरोपही जन्मभर पुरायचा. ज्युलियस सीझरने तो भोगला. विशीच्या आसपास असताना त्याला बिथिनियाचा राजा निकोमिडीझ याच्याकडे आरमार आणायला पाठवलं होतं. तो तिथे रमला, आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत कोणाच्या तरी येणं-वसुलीचं निमित्त काढून पुन्हा गेला. मग अफवांना ऊत आला. गायस मेमियसने तर आरोप केला की राजाच्या मेजवानीत सीझर इतर पोरांबरोबर साकी म्हणून उभा होता आणि पंगतीला रोमचे व्यापारी होते. सहकारी कॉन्सल बिब्युलसने जाहीरनाम्यांतून त्याला ‘बिथिनियाची राणी’ म्हटलं. इ.स.पू. ४६ मध्ये गॉलच्या विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा सीझरच्याच शिपायांनी त्याच्या रथामागे यावर चावट गाणी म्हटली. विजयी सेनापतीची अशी थट्टा करायची रीतच होती आणि बाकीची थट्टा सीझरने हसून घेतली. हीच एक त्याला झोंबली. त्याने शपथेवर इन्कार केला आणि लोक आणखीच हसले, असं डिओ कॅसियस लिहितो. सीझरने किती गुलामांना शय्येवर नेलं, हे कोणी विचारलं नाही. तो स्वतः कोणापुढे वाकला होता का, हाच सगळ्यांचा प्रश्न होता.

नीरोच्या बाबतीत रोम संतापलं तेही याच अंगाने. इ.स. ६४ मध्ये नीरोने पायथागोरस नावाच्या माणसाशी विवाहविधी केला आणि वधूचा घुंघट स्वतः घेतला. टॅसिटसची लेखणी तिथे थरथरते: सम्राट वधू झाला! पण पुढे स्पोरसचं जे झालं त्याबद्दल प्राचीन लेखकांच्या मनात किळस आहे, कुतूहल आहे. दया फारशी नाही. सम्राज्ञी पॉपिया सबिना ६५ साली मेली. स्पोरस या मुलाचा चेहरा तिच्या चेहऱ्याशी जुळत होता. नीरोने त्याचं खच्चीकरण करवलं, त्याला ‘सबिना’ म्हणायला लावलं आणि ग्रीसच्या दौऱ्यात त्याच्याशी थाटात लग्न लावलं. करारपत्र झालं, हुंडा ठरला, कन्यादान केलं ते रक्षकदलाचा प्रमुख टिजेलिनस याने. ६८ साली नीरो पळाला तेव्हा शेवटच्या घटकेला त्याच्यासोबत जे मोजके लोक होते त्यांत स्पोरस होता. नीरो मेला. मग रक्षकदलाचा दुसरा प्रमुख निंफिडियस याने स्पोरसला घेतलं आणि पॉपिया म्हणू लागला. निंफिडियस मारला गेला. नवा सम्राट ओथो याने त्याला जवळ केलं. ओथोने आत्महत्या केली. त्यानंतर आलेल्या व्हिटेलियसच्या अमलात असं ठरलं की प्रेक्षकांपुढे, पळवून नेलेल्या कुमारीच्या सोंगात स्पोरसला उभं करायचं. ते होण्याआधी त्याने जीव दिला. विशीच्या आतबाहेरचं पोर. वर्षा-दीड वर्षात चार धनी झाले, आणि त्याने स्वतः घेतलेला असा एकच निर्णय इतिहासात नोंदला गेला.

ज्याचं नाव टिकलं असा एक साकीही आहे: एअरिनस. पर्गमॉनचा मुलगा, बालपणीच खच्ची केलेला, सम्राट डोमिशियनचा चषक भरणारा. वयात आल्यावर त्याचे लांब केस कापले आणि रत्नजडित सोन्याच्या डबीत घालून, सोबत आरसा ठेवून, पर्गमॉनच्या वैद्यदेवतेच्या देवळात पाठवले. मार्शल आणि स्टेशियस या दोघा कवींनी त्यावर कविता केल्या. साम्राज्यात मुलांचं खच्चीकरण करायला बंदी घातली ती याच डोमिशियनने, आणि त्या बंदीची स्तुती करणारा स्टेशियस त्याच कवितेत एअरिनसवरच्या त्या शस्त्राचं वर्णनही करतो. त्याला दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणता आल्या.

मग या सगळ्यात जिव्हाळा कुठेच नव्हता का? होता, पण तो शोधताना मालकाच्या कवितेवर विसंबून भागत नाही. बायकांचं तर आणखी अवघड. बाईने बाईवर प्रेम करावं, हे रोमन पुरुष लेखकांना एक तर अशक्य वाटे, नाहीतर ओंगळ. पण ऑगस्टसच्या काळातली एक थडग्याची शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: फोंतेया एल्यूसिस आणि फोंतेया हेलेना, दोघी एकाच मालकिणीने मुक्त केलेल्या गुलाम. शिळेवर त्यांनी उजवे हात एकमेकींच्या हातात दिले आहेत. रोमन थडग्यांवर नवराबायको असेच कोरतात. ही मुद्रा निवडायला त्यांना कोणी भाग पाडलं नसणार, कारण मुक्त गुलाम पैसा जमला की सर्वांत आधी थडगं बांधत आणि त्यावर आपण कोण होतो हे आपल्या मनासारखं लिहीत. मालकिणीच्या घरात त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या ते शिळा सांगत नाही, पण मेल्यावर आपल्याला जगाने कसं पाहावं हे त्यांनी ठरवलं होतं.

सगळ्या जगाला माहीत असलेली जोडी म्हणजे सम्राट हेड्रियन आणि अँटिनोअस. हा मुलगाही बिथिनियाचाच, क्लॉडिओपोलिस गावचा. आज तिथे तुर्कस्तानातलं बोलू शहर आहे. सीझरची बदनामी जिथे झाली ते राज्य तोवर रोमचा प्रांत होऊन दोनशे वर्षं होत आली होती. ऑक्टोबर १३० मध्ये सम्राटाचा लवाजमा नाईलवरून चालला असताना अँटिनोअस नदीत बुडाला. हेड्रियनने अपघात म्हणून लिहिलं; डिओ कॅसियसच्या मते त्याचा बळी गेला होता. तो विशीच्या आसपासचा होता. हेड्रियन सगळ्यांदेखत रडला आणि मग सम्राटालाच शक्य होतं ते त्याने केलं: नदीकाठी, हर्मोपोलिसच्या समोरच्या तीरावर, अँटिनोपोलिस नावाचं शहर वसवलं, मुलाला देव केलं, साम्राज्यभर त्याच्या मूर्ती उभ्या राहिल्या. झुकलेली मान, दाट कुरळे केस, भरलेली छाती. शंभराच्या आसपास मूर्ती आजही शिल्लक आहेत. बुडाल्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरात, राजपरिवार थीब्जच्या मेम्नॉनच्या पुतळ्याला गेला. हेड्रियनची सम्राज्ञी सबिना हिची सखी ज्युलिया बाल्बिला हिने त्या दगडी पायावर ग्रीक कविता कोरवून घेतल्या, त्याही सॅफोच्या बोलीत. त्यात राजा आहे, राणी आहे, बोलणारा दगड आहे. अँटिनोअसचा उल्लेखही नाही.

हेड्रियनचं दुःख खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण दुःख करायचा, ते दगडात कोरायचा आणि मेलेल्याचा अर्थ ठरवायचा अधिकार सगळा एकाच बाजूला होता. अँटिनोअसचा एक शब्द उरलेला नाही.

त्याच्या देवपणाचं पुढे जे झालं ते मला जास्त हलवून जातं. रोमजवळच्या लानुवियम गावात डायना आणि अँटिनोअस यांच्या नावाने एक मंडळ होतं. त्याचे नियम १३६ साली संगमरवरावर कोरून अँटिनोअसच्या देवळात लावले, ते मिळाले आहेत. प्रवेशाला शंभर सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक बुधला. दरमहा पाच नाणी वर्गणी. सभासद मेला की क्रियाकर्माला तीनशे सेस्टर्स. भिशीसारखा रोकडा, साधा कारभार. गुलामांनाही सभासद होता येई. एखाद्या गुलामाला मालकाने मुक्त केलं तर त्याने सर्वांना मद्याचा एक बुधला द्यायचा. आणि गुलाम मेल्यावर मालकाने आडमुठेपणाने प्रेत दिलं नाही, तर मंडळाने त्याची प्रतिमा करून तिच्यावर संस्कार करायचे. जिवंतपणी जो देह मालकाचा, तो मेल्यावरही मालकाचाच राहू शकतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कलम घातलं. सम्राटाने आपल्या लाडक्यासाठी निर्माण केलेल्या देवाच्या छपराखाली गुलामांनी आपल्या मयताची सोय लावून घेतली.

अँटिनोपोलिसचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतो. हेड्रियनने त्या शहरापासून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकी बंदरापर्यंत रस्ता बांधला. १३७ साली तो पुरा झाला. बेरेनिकीहून गलबतं मोसमी वाऱ्यावर भडोच आणि मलबारकडे सुटत. त्याआधी शंभरएक वर्षं एका ग्रीक दर्यावर्दीने या व्यापाराचं ‘पेरिप्लस’ लिहून ठेवलं आहे. त्यात पैठण आहे, तेर आहे, कल्याण आहे; आणि भडोचच्या राजासाठी काय न्यावं याची यादीही आहे: चांदीची भांडी, गाणारे-वाजवणारे गुलाम, जनानखान्यासाठी देखण्या मुली, उंची मद्य. माल उतरवून घेणारे आपलेच लोक होते. तेव्हा रोमकडे पाहून नाकं मुरडायचा हक्क आपल्याला फारसा उरत नाही.

अँटिनोपोलिसच्या पलीकडच्या तीरावर, हर्मोपोलिसला, तिसऱ्या-चौथ्या शतकातला शिशाचा एक पत्रा सापडला. सोफिया नावाच्या बाईने गॉर्गोनियाला वश करण्यासाठी केलेलं ते करणीचं लिखाण आहे. ती पाताळातल्या शक्तींना साकडं घालते: न्हाणीघर पेटवा, न्हाऊ घालणारीचं रूप घ्या, गॉर्गोनियाचं काळीज जाळा, म्हणजे ती माझ्याकडे येईल. करणीची भाषा क्रूर असते, ही पण आहे. तरी इथे कोणी कवी नाही, कोणी सम्राट नाही. एका बाईला दुसरी बाई हवी आहे आणि ते तिने पैसे मोजून, स्वतःच्या नावानिशी लिहवून घेतलं.

तोवर रोम बदलू लागलं होतं. ३४२ साली कॉन्स्टॅन्शियस आणि कॉन्स्टन्स या सम्राट-बंधूंनी, पुरुष बाईसारखा विवाहाला उभा राहतो अशा भाषेत एक कायदा काढून कडक शिक्षा फर्मावली. यातल्या कॉन्स्टन्सवर देखण्या परदेशी ओलिसांच्या नादी लागल्याचा आरोप पुढच्या इतिहासकारांनी केला. ३९० मध्ये थिओडोशियसच्या नावाने रोमला हुकूम आला की वेश्यागृहांत बाईची भूमिका घेणाऱ्या पुरुषांना लोकांसमोर जाळावं. जाळायचं कोणाला? ज्यांना विकत आणून तिथे बसवलं होतं, त्यांनाच.

त्याच साली थेस्सालोनिकीत एका लोकप्रिय रथस्पर्धकाने सेनापती ब्युथेरिकच्या साकीची इच्छा धरली, म्हणून ब्युथेरिकने त्याला कैदेत टाकलं, असं सोझोमेन लिहितो. शर्यतीचा दिवस आला तेव्हा लोकांनी त्याला सोडा म्हणून दंगा केला आणि ब्युथेरिकला ठार मारलं. थिओडोशियसने फौज सोडली. थिओडोरेटच्या म्हणण्याप्रमाणे सात हजार माणसं कापली गेली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला प्रायश्चित्त घेतल्याशिवाय उपासनेला येऊ दिलं नाही. हा प्रसंग धर्माने सत्तेला नमवल्याचा म्हणून गाजला, शतकानुशतकं चित्रकारांनी रंगवला. साकीचं काय म्हणणं होतं, हा प्रश्न चित्रांतही नाही आणि ग्रंथांतही नाही.

सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला जस्टिनियन गादीवर होता. पुरुषांच्या अशा संबंधांच्या पापामुळे दुष्काळ, भूकंप, रोगराई येतात, असं त्याने कायद्यातच लिहिलं. ऱ्होड्सचा बिशप इसाया आणि थ्रेसमधल्या डायोस्पोलिसचा बिशप अलेक्झांडर या दोघांना याच आरोपावरून पकडलं. इसायाचा छळ करून त्याला हद्दपार केलं, अलेक्झांडरला खच्ची करून शहरातून मिरवलं. अशा खटल्यांचा पुरावा कसा घेत, हे प्रोकोपियसने त्याच्या गुप्त इतिहासात सांगितलं आहे. जुन्या रोमन न्यायालयात धन्याविरुद्ध गुलामाची साक्ष सहसा चालत नसे. आता एका माणसाचा किंवा एका पोराचा शब्द पुरेसा होता, आणि कधी कधी तो शब्द धन्याच्या गुलामाचा असे, त्याच्याकडून जबरीने वदवून घेतलेला.